ओट्यावरचा शेवटचा माणूस

डेलॉस हीटनची ओळख मला त्याच्या पत्नीमुळे झाली. नेवाडातील इंडियन स्प्रिंग्ज गावच्या प्रार्थनाघरामागील खोलीत अर्डिथबाई हीटन मोठ्या माणसांना संध्याकाळी लिहावयास आणि वाचावयास शिकवीत असत. त्या वर्गात सर्वांत मागच्या बाकावर, सर्वांत अधिक वयाचा विद्यार्थी म्हणून मी बसत असे. वर्ग सुटण्याच्या सुमारास डेलॉस बाईंना नेण्यासाठी येई. दाराशी थांबून तो पायपुसण्यावर दोन्ही बूट इतक्या निगुतीने पुशी, की आम्हां विद्यार्थ्यांना हसू आवरत नसे. त्या बूट पुसण्यामागे काय होते, हे मला पुष्कळ काळानंतर त्या दोघांच्याच तोंडून कळले. ते येथे सांगतो.

डेलॉस मूळचा युटामधील सॅनपीट खोऱ्याचा. तेथे शेतकऱ्यांच्या सहकारी संघात तो अंडी तपासण्याचे काम करी. काळोख्या खोलीत एक दिवा लावलेला असे. प्रत्येक अंडे त्या दिव्यासमोर धरावयाचे, हळूच फिरवावयाचे, आत रक्ताचा ठिपका किंवा कवचाला तडा नाही याची खात्री करावयाची आणि पुढचे उचलावयाचे. या कामाला मोठी हुशारी लागते असे कोणी म्हणणार नाही; परंतु सकाळच्या पहिल्या अंड्याकडे जितके लक्ष दिले तितकेच दुपारच्या शेवटच्या अंड्याकडे देणे पुष्कळांना साधत नाही. डेलॉसला ते साधत असे. पुढे संघाने यंत्रे आणली आणि काळोख्या खोलीतील माणसे घरी बसली. तेव्हा नवी नवरी बरोबर घेऊन तो दक्षिणेकडे उतरला आणि नेवाडातील अणुबाँबच्या चाचणी क्षेत्रावर काम मागावयास गेला.

किरणोत्सर्गापासून माणसांना जपण्यासाठी तेथे एक वेगळी तुकडी होती. तिच्या साहेबाने त्याला विचारले, "काम फार कंटाळवाणं आहे हे. कंटाळा येतो का तुला?"

"अंड्यांचा तरी कधी आला नाही, साहेब," डेलॉस म्हणाला.

साहेब मोठ्याने हसला आणि त्याने त्याला ठेवून घेतले. काही आठवड्यांच्या शिक्षणानंतर डेलॉसच्या हाती किरण मोजणारे गायगर यंत्र आले, आणि ज्या एकाग्रतेने तो अंडी पाहत असे त्याच एकाग्रतेने तो माणसे पाहू लागला.

चाचणीचा स्फोट पहाटे होत असे. धूळ खाली बसली आणि वारा स्थिर झाला म्हणजे निरनिराळ्या पथकांना आपापली उपकरणे काढून आणण्यासाठी आत जावे लागे. जाताना प्रत्येकाने डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा पोशाख चढवावयाचा, बुटांवर कापडी खोळा घालावयाच्या, मनगटे आणि घोटे चिकटपट्टीने बंद करावयाचे, तोंडावर मुखवटा बांधावयाचा आणि छातीवर फिल्मचा बिल्ला लावावयाचा. त्या बिल्ल्यातील फिल्म धुतली म्हणजे माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते समजे. परत येताना मात्र सर्वांची वाट एकच होती. काँक्रीटचा एक लांबरुंद ओटा बांधलेला होता. ओट्याच्या एका अंगाला मळलेली माणसे, मळलेल्या गाड्या. दुसऱ्या अंगाला स्वच्छ कपडे, थंड पाणी आणि घराकडे जाणारा रस्ता. मध्ये डेलॉस.

तो कानांवर हेडफोन चढवी, यंत्राची नळी हातात घेई आणि माणसाला स्पर्श न करता, अंगापासून वीतभर अंतर राखून, ती सावकाश फिरवी. प्रथम केस, मग कानांमागे, मग मान, काखा, पोट, हात. नळीतून जाणाऱ्या प्रत्येक किरणासरशी कानात टक् असा ठोका पडतो. मोकळ्या हवेचेही स्वतःचे काही थोडे ठोके असतात. त्यांना घाबरावयाचे नसते. ठोके दाट झाले, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजू लागले, म्हणजे तेथे धूळ आहे असे समजावयाचे. मग झाडू, मग साबण, मग फवारा, आणि पुन्हा नळी.

"हात पुढे करा. आता उलटे. नखं दाखवा. मान खाली. आता डावा पाय," एवढेच तो बोले, आणि ते प्रत्येकाला त्याच स्वरात.

त्याचा जोडीदार ऑटिस रिडॉक हा टेक्सासचा. तो बोलण्याची सगळी उणीव भरून काढी. आतून गाडी आलेली दिसली की तो ओट्यावरून ओरडे, "या रे कोंबड्यांनो! आमचा अंडेवाला दिवा लावून बसलाय. एकेकानं पुढं व्हा!"

"काय अंडेवाले, नासका निघालो का मी?" एखादा घामाघूम झालेला सुतार विचारी.

"तडा आहे एक," डेलॉस नळी खाली न घेता म्हणे, "पण खपून जाशील. साबण तिकडं आहे."

सर्व पथके निघून गेली म्हणजे दोघे एकमेकांना तपासत. आधी डेलॉस ऑटिसला, मग ऑटिस डेलॉसला. ओट्यावरून शेवटचा निघणारा माणूसही दुसऱ्या कोणीतरी तपासलेला असला पाहिजे, असा तेथला रिवाज होता. इतक्या दिवसांत तो एकदाही मोडला नव्हता.

एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात एके दिवशी तो मोडला.

त्या दिवशी दुपारपर्यंत सर्व रीतसर चालले होते. शेवटचे पथक न्हाऊन, कपडे बदलून निघाले, डेलॉसने ऑटिसला डोक्यापासून पायापर्यंत तपासले, आणि इतक्यात ध्वनिक्षेपकावरून हुकूम आला की वारा फिरत आहे, ओटा ताबडतोब रिकामा करावा आणि सर्वांनी मागे यावे. ऑटिसला मळलेल्या कपड्यांची पिंपे भरलेली मालमोटार घेऊन जावयाचे होते. तरीही तो मोटारीच्या पायरीवरून खाली उतरला.

"ये इकडं. तुझं राहिलंय."

"जा रे तू," डेलॉस म्हणाला. "मी काय आत गेलो होतो? दिवसभर इथंच तर उभा होतो."

"नियम आहे बाबा."

"नियम आहे आणि वाराही आहे. जा, निघ!"

ऑटिस गेला. डेलॉसने पांढरा पोशाख उतरवून मागे राहिलेल्या एका पिंपात टाकला, हात धुतले, बाकाखाली ठेवलेले स्वतःचे बूट पायांत चढवले आणि आपल्या छोट्या गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जवळपासच्या गुरांच्या वाड्यांवर किरणांच्या मोजमापासाठी जावयाचे होते, म्हणून गाडी आणि यंत्र दोन्ही घरी नेण्याची परवानगी त्याला मिळालेली होती. इतरांना दिवसभर तपासणाऱ्या माणसाला आपण स्वतः स्वच्छच आहोत असे वाटू लागते. त्याचे बूट त्या धुळकट बाकाखाली सकाळपासून उघडे पडून होते, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

घरी जाण्याची त्याला त्या दिवशी विशेष घाई होती. त्याची सासू हुल्डाबाई सॅनपीटहून बसने आली होती, आणि त्याची मुलगी मार्वा दोन दिवसांपूर्वीच रांगावयास लागली होती.

हीटन कुटुंबाचे घर म्हणजे चाकांवरचा एक लांबट ट्रेलर. दारातच स्वयंपाकघर, त्यापुढे निजण्याची जागा, आणि टोकाला न्हाणीघर. उजेड अजून चांगला होता. डेलॉस आत शिरला, दाराशी बूट काढून ठेवले आणि हात पुसत सासूसमोर उभा राहिला.

"या जावईबापू," हुल्डाबाई म्हणाल्या. "मी बसमधून दिवसभर मांडीवर ओझं घेऊन आले, आणि तुम्ही माझ्यानंतर पोहोचलात. सरकारचं काम मोठं जड दिसतं."

"तुमच्या ओझ्याएवढं नाही, आई. काय आणलंत?"

"ताटं. लेक माझी छावणीतल्या पत्र्याच्या थाळ्यांत जेवते असं ऐकलं. युद्धाच्या आधीपासून जपून ठेवली होती तिच्यासाठी. लग्नात द्यायची, तर तुम्ही दोघं एवढ्या घाईनं पळालात की पेटी उघडायलाही सवड मिळाली नाही."

"आई, अगं पळालो नव्हतो आम्ही. नोकरीवर रुजू व्हायचं होतं त्यांना," अर्डिथबाई बटाट्याचे सूप ढवळीत म्हणाल्या.

"तेच ते."

ताटे खरोखरच सुंदर होती. काही पिवळी, काही हिरवी, काही निळी, आणि काही पिकलेल्या संत्र्याहूनही लालसर नारिंगी. हुल्डाबाईंनी जेवणापुरती बाहेर काढून, साबणाने घासून मांडली होती. उरलेली अजून पेटीतच कागदात गुंडाळलेली होती. मार्वाने नारिंगीवर झडप घातली, म्हणून तेच तिच्या उंच खुर्चीच्या फळीवर ठेवले. सूप, पाव आणि बरणीतले पीच एवढे जेवण होते. सर्वांनी हात बांधले, डोळे मिटले आणि हुल्डाबाई प्रार्थना करू लागल्या.

त्यांची प्रार्थना लांबलचक असे. त्यांनी पावसाचे आभार मानले, बसच्या चालकाचे मानले, आणि मग म्हणाल्या, "हे परमेश्वरा, या घरचा माणूस त्या भयंकर जागेतून रोज धडधाकट, निर्मळ घरी येतो, त्याबद्दल आम्ही तुझे ऋणी आहोत."

निर्मळ हा शब्द कानी पडताच डेलॉसचे डोळे उघडले. समोर दाराशी त्याचे बूट होते. एका बुटाची नाडी ओढून काढलेली होती, आणि तिचे टोक ओले होते.

मार्वा खुर्चीत बसून त्याच्याकडेच पाहत होती. त्या घरात प्रार्थनेच्या वेळी डोळे न मिटणारी तेवढी एकच होती.

"अर्डी," तो पुटपुटला, "बूट कोणी ओढले?"

"तुझ्या लेकीनं. तू हात पुसत होतास तेव्हा. नाडी चघळत होती, मी काढून घेतली. शू, आई प्रार्थना करतेय."

डेलॉस उठला. बूट उचलले आणि दार उघडून तो बाहेर गेला.

"प्रार्थना संपायच्या आत पानावरून उठणारा जावई मी पहिल्यांदाच पाहिला," हुल्डाबाई परमेश्वराला थांबवून म्हणाल्या.

बाहेर त्याने गाडीतून यंत्र काढले. काम त्याने रीतीप्रमाणेच केले. प्रथम घरापासून दूर जाऊन हवेचे ठोके ऐकले. ते नेहमीसारखे विरळ होते. मग नळी बुटांजवळ नेली. उजवा बूट शांत. डाव्या बुटाच्या टाचेशी, तळवा शिवलेला असतो त्या खाचेत, ठोके थोडे दाट झाले. फार नाही, ओट्यावर आलेल्या एखाद्या माणसाच्या अंगावर इतके सापडले असते तर डेलॉसने त्याला नुसता झाडू दाखवला असता. पण ओट्यावर कोणी बुटाची नाडी चघळीत नाही. नाडीवरून त्याने नळी पुनःपुन्हा फिरवली. नाडी शांत होती. परंतु ती ओली होती, आणि तिच्यावर जे काही असेल ते चघळून आधीच पोटात गेले असेल तर ती शांतच असणार, हाच विचार त्याच्या मनातून जाईना.

त्याने टाच ब्रशने घासली, पाण्याने धुतली, पुन्हा ऐकले. आता टाचही शांत झाली. बूट पायरीखाली ठेवून तो यंत्रासह आत आला.

"हे काय घरात आणलंस?" अर्डिथबाईंनी विचारले. कामाविषयी घरी बोलावयाचे नाही असा नियम होता, आणि त्या कधी विचारीतही नसत. यंत्र मात्र त्यांनी पहिल्यांदाच घरात पाहिले.

"काही नाही. जरा बघतो."

त्याने दाराजवळची फरशी पाहिली. शांत. चटई पाहिली. शांत.  मग तो मार्वाच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला. तिने हसून दोन्ही हात पुढे केले, जणू तिलाही ओट्यावरची रीत कोणी शिकवली होती. त्याने नळी तिच्या तळहातांजवळ नेली.

कानांत गारा कोसळल्या.

हेडफोन त्याच्याच कानांवर होते, म्हणून दुसऱ्या कोणालाही काही ऐकू आले नाही. अर्डिथबाईंना फक्त त्याचा चेहरा दिसला.

"डेलॉस? काय झालं?"

तो मुलीला उचलून न्हाणीघराकडे धावला. तेथे पाणी सोडले, साबण घेतला आणि तिचे हात, बोटांच्या बेचक्या, इवलीशी नखे, ओठ, हनुवटी, सर्व काही चोळून चोळून धुतले. मार्वाने आकांत मांडला.

"अहो, पोरीची कातडी सोलणार आहात का?" दारातून हुल्डाबाई ओरडल्या. "ही काय तुमच्या छावणीतली मोटार आहे धुवायला?"

"आई, थोडं थांबा. पाया पडतो, थांबा."

न्हाणीघरातच त्याने तिला पुन्हा तपासले. केस, कान, ओठ, हात. ठोके विरळ, हवेचेच. त्याने भिंतीला पाठ टेकली. दम खाऊन तो तिला घेऊन बाहेर आला, खुर्चीत बसवले आणि मनाच्या समाधानासाठी एकदा शेवटची नळी फिरवली.

पुन्हा गारा.

त्याने तिला पुन्हा नेले, पुन्हा धुतले. न्हाणीघरात शांत. पुन्हा खुर्चीत आणले, तर तोच गदारोळ. आता हे हातावरचे नाही, पोटातून येत आहे, असे त्याला वाटू लागले. पोटातले असते तर ते न्हाणीघरातही वाजले असते, हे त्याच्यासारख्या रोज हेच काम करणाऱ्या माणसाला समजावयास हवे होते. परंतु समोर स्वतःचे लेकरू असले म्हणजे समजणे आणि सुचणे या दोन्ही गोष्टी माणसाला सोडून जातात.

अर्डिथबाईंनी मुलीला त्याच्या हातातून काढून घेतले आणि खांद्यावर टाकले. त्यांचा आवाज थंड होता, आणि तो आवाज आम्हां विद्यार्थ्यांनाही पुढे चांगला परिचयाचा झाला.

"आता काय आहे ते सांग. नियम राहू दे तिकडं."

त्याने सांगितले. वारा, घाई, बाकाखालचे बूट, न झालेली तपासणी, नाडी. सांगताना त्याने पत्नीकडे पाहिले नाही.

"म्हणजे न्हाणीघरात गेली की गप्प, आणि खुर्चीत बसली की बोलते?"

"हो."

"मग पोर माझ्या खांद्यावर आहे. तू खुर्ची बघ."

 डेलॉसने रिकाम्या खुर्चीवर नळी धरली. बैठकीजवळ थोडे ठोके. पाठीजवळ विरळ. फळीजवळ गारा. त्याने फळीवरचा चमचा बाजूला ठेवला, मग पावाचा तुकडा, मग ताट. ताट ज्या हातात होते त्याच्याच बाजूला गारा गेल्या. फळी गप्प झाली.

"ताट," तो म्हणाला.

"माझ्या ताटाला काय झालं?" हुल्डाबाई पुढे सरसावल्या. "स्वतःच्या हातानं घासलंय मी ते! तुमच्या घरची धूळ बसली असेल त्याच्यावर."

डेलॉसलाही नेमकी हीच भीती वाटली. त्याने ताट घासले, पुसले, पुन्हा ऐकले. रतीभर फरक नाही. तेव्हा तो टेबलावरच्या इतर ताटांकडे वळला. पिवळे शांत, हिरवे शांत, निळे शांत. मग त्याची नजर पेटीकडे गेली.

"आई, यातली ताटं कधी गुंडाळलीत?"

"सांगितलं ना. युद्धाच्या आधी. तुमच्या सासऱ्यांनीच गुंडाळली, आमच्या एफ्राइम गावच्या वर्तमानपत्रात. त्यानंतर त्या कागदाला कुणाचा हात लागला नाही."

डेलॉसने एक पुडके उचलले. त्यावरचा कागद पिवळा पडला होता, आणि त्यात मेंढ्यांच्या भावाची बातमी होती. जगात कोठेही पहिला अणुबाँब फुटण्याच्या आधीचा तो कागद. पुडके न उघडताच त्याने नळी जवळ नेली. शांत. उघडले, तर आत हिरवे ताट. दुसरे उचलले, आणि न उघडताच कानांत गारा वाजल्या. कागद काढला. नारिंगी.

तो पेटीशेजारी जमिनीवर बसला आणि हसू लागला. मग हसता हसता त्याने तोंडावर हात ठेवला आणि त्याचे खांदे हलू लागले, तेव्हा ते हसणे नव्हते. अर्डिथबाई मुलीसह त्याच्याजवळ बसल्या. त्याने हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवले आणि नळी नारिंगी ताटावर धरली. त्या दचकल्या. मग त्याने नळी मार्वाच्या तळहातावर नेली. टक्. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्.

"एवढंच?" त्यांनी विचारले.

"एवढंच. ही नुसती हवा आहे. पोर स्वच्छ आहे, अर्डी. रंगातच काहीतरी आहे त्या ताटाच्या."

"देवा," हुल्डाबाई खुर्चीत टेकल्या. "आणि मी ते पोरीच्या पुढ्यात ठेवलं."

"तुम्हाला काय ठाऊक असणार, आई? मला कुठं ठाऊक होतं?"

सूप पार थंड झाले होते. अर्डिथबाईंनी ते पुन्हा चुलीवर ठेवले. नारिंगी ताटे पेटीत घालून पेटी गाडीत गेली, आणि मार्वाला पत्र्याच्या थाळीत पाव मिळाला. हुल्डाबाईंनी आपली प्रार्थना जेथे थांबवली होती तेथून पुढे चालू केली, आणि या वेळी ती संपेपर्यंत डेलॉस हात बांधून बसला. जेवण झाल्यावर पानावरून तो उठणार, इतक्यात अर्डिथबाईंनी यंत्राकडे बोट दाखवले.

"फरशी मोजलीस. बूट मोजलेस. पोर मोजलीस, माझ्या आईची ताटंही मोजलीस. तुला कोणी मोजलं?"

 आणि त्या उठल्या, नळी हातात घेतली आणि त्याला दारातल्या उजेडात उभे केले. कुठून सुरुवात करावयाची, किती अंतर राखावयाचे, हे त्याने सांगितले आणि त्यांनी तसे केले. केस. कानांमागे. मान. काखा.

"हात पुढे कर," अर्डिथबाई म्हणाल्या. "आता उलटा. नखं दाखव."

"जरा सावकाश फिरव."

"सावकाशच फिरवतेय. बोलू नकोस, ऐकू येत नाही मला."

पँटच्या एका दुमडीत त्यांना थोडी दाटी लागली. ती पँट त्याने बाहेर जाऊन झटकली आणि पिशवीत बांधली. बाकी सर्व अंग शांत निघाले. हुल्डाबाई हे सारे हाताची घडी घालून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कोंबडी विकत घेतानाही आमच्याकडे एवढं पाहत नाहीत."

त्या रात्री डेलॉस गाढ झोपला, असे अर्डिथबाई सांगत.

दुसऱ्या दिवशी वाड्यांवरचे काम उरकून तो छावणीत गेला आणि जे घडले ते त्याने साहेबांना जसेच्या तसे सांगितले. साहेबांनी त्याची योग्य ती कानउघाडणी केली. पिशवीतली पँट धुलाईखान्यात गेली. मार्वाला छावणीच्या डॉक्टरांना दाखवण्यात आले, आणि तिच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या. ताट पाहून डॉक्टर मात्र हसले. पूर्वी असा नारिंगी रंग आणण्यासाठी ताटांच्या झिलईत युरेनियम घालीत असत, असे त्यांनी सांगितले, आणि लेकराला अशा ताटात न जेवू घातलेले बरे, असेही सांगितले.

डेलॉसने एक ताट ओट्यावर नेले. ऑटिसने त्याच्यावर नळी धरली, हेडफोन कानांवरून उडवून दिले आणि शिवी हासडली.

"हे घरून आणलंस? जेवता यात तुम्ही लोक?"

"सासूबाईंनी दिलं."

"तिला काय जावई नकोसा झालाय का रे?"

त्या दिवसापासून ते ताट ओट्याच्या कोपऱ्यात एका खिळ्याला टांगलेले असे. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक जण आपले यंत्र त्याच्यासमोर धरी. गारा वाजल्या म्हणजे यंत्र ठीक आहे. न वाजल्या तर बॅटरी बदलावयाची. सॅनपीटला हे कळले, तेव्हा हुल्डाबाईंनी शेजारणींना सांगितले की माझी ताटे सरकारी कामाला लागली आहेत, आणि त्या थापा मारतात असे शेजारणींना वाटले. निळी, हिरवी आणि पिवळी ताटे बाईंच्या घरी मी स्वतः पाहिली आहेत. त्यांपैकी एका हिरव्या ताटात मी पीचही खाल्ले आहे.

ज्या दिवशी ते ताट खिळ्याला टांगले, त्या दिवशी शेवटचे पथक गेल्यावर डेलॉसने ऑटिसला तपासले. ऑटिस नेहमीप्रमाणे बडबड करीत मालमोटारीकडे निघाला. वारा शांत होता आणि कोणताही हुकूम आलेला नव्हता. डेलॉसने त्याला थांबवले, यंत्र त्याच्यापुढे धरले आणि आपले दोन्ही बूट काढून ओट्यावर ठेवले.

"ऑटिस," तो म्हणाला, "जायच्या आधी मलाही मोज. आणि बूट आधी."